गावाला माहीत असलेला खून

अमेरिकेच्या दक्षिणेत घडणारा खुनाचा सिनेमा सुरू झाला की पहिल्या दहा मिनिटांत काय काय दिसणार, हे आता आपल्याला तोंडपाठ झालंय. ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा, कोर्टासमोरचा दगडी शिपाई, पाठीला चिकटलेला शर्ट, छताचा करकरणारा पंखा, चर्चमधलं समूहगान आणि रातकिड्यांची किरकिर. मग नदीत, दलदलीत नाहीतर पडक्या गोठ्यात काहीतरी सापडतं आणि बाहेरगावचा एक अधिकारी हजर होतो. पुढचे दोन तास, मालिका असेल तर आठ तास, तो दारं ठोठावत फिरतो. एखादी म्हातारी दार उघडते, बर्फ घातलेला गोड चहा पुढे करते आणि विषय बदलते. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतंच: गावानं पुरून ठेवलेलं रहस्य.

हा प्रकार मला आवडतो, हे आधीच सांगतो. 'अहो, त्यात काही घडतच नाही' असं म्हणणाऱ्यांशी मी हौसेनं वाद घालतो. माझी तक्रार संथपणाबद्दल नाहीच, ती त्या पुरून ठेवलेल्या रहस्याबद्दल आहे. ज्या खऱ्या खुनांच्या जिवावर हा सगळा चित्रप्रकार पोसला गेला, त्यांत रहस्य असं जवळपास काही नव्हतं. मारणारे कोण, हे गावाला दुसऱ्या दिवशी ठाऊक होतं. शेरीफला, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या पोलिसप्रमुखाला ठाऊक होतं, दुकानदाराला होतं, पाद्र्यालाही होतं. काही ठिकाणी तर यांच्यापैकीच कोणीतरी मारणाऱ्यांत होतं. प्रश्न 'कोणी केलं' हा नव्हताच. सगळ्यांना माहीत असूनही कोणाला काहीच होत नाही, ते कसं जमवलं जातं, हा होता. सिनेमा पहिल्याच प्रश्नाभोवती पिंगा घालत बसतो आणि दुसरा प्रश्न आपोआप बाजूला पडतो. त्यामुळे ही नुसती आवडीनिवडीची बाब राहत नाही. इतिहास आपल्या डोक्यात कोणत्या आकारात बसतो, याच्याशी तिचा संबंध आहे.

सगळ्यांत ठळक उदाहरण घेऊ. ऑगस्ट 1955. शिकागोचा 14 वर्षांचा एमेट टिल मिसिसिपीत आईच्या मावशीकडे सुट्टीला आला होता. मनी नावाच्या वस्तीतल्या किराणा दुकानात गोऱ्या मालकिणीकडे पाहून त्यानं शीळ घातली, असा आरोप झाला. 28 ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर दुकानाचा मालक रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम पिस्तूल आणि बॅटरी घेऊन आले आणि पोराला बिछान्यातून उठवून घेऊन गेले. मावशीचे यजमान मोझ राइट तिथेच उभे होते. तीन दिवसांनी टॅलाहाची नदीत प्रेत सापडलं. गळ्याला कापसाच्या जिनिंगचा लोखंडी पंखा काटेरी तारेनं बांधलेला होता.

समनर नावाच्या छोट्या गावात खटला उभा राहिला. गावाच्या पाटीवर घोषवाक्य होतं, की मुलगा वाढवायला हे गाव चांगलं आहे. कोर्टात मोझ राइट उभे राहिले आणि सगळ्यांदेखत त्यांनी बोट दाखवून मायलमला ओळखलं. मिसिसिपीत त्या काळी काळ्या माणसानं गोऱ्या आरोपीकडे असं बोट दाखवणं म्हणजे स्वतःचा मृत्यू ओढवून घेणं होतं. विली रीड हा 18 वर्षांचा शेतमजूर पोरगाही साक्षीला आला. गोठ्यातून मारल्याचे आवाज आणि किंकाळ्या ऐकल्याचं त्यानं सांगितलं. आणि काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, शेरीफ? तो बचाव पक्षाचा साक्षीदार होता. प्रेत टिलचंच आहे हे सांगता येत नाही, अशी साक्ष त्यानं दिली. सिनेमात दमलेल्या चेहऱ्यानं सत्याच्या मागे लागलेला जो शेरीफ आपल्याला इतका जवळचा वाटतो, त्याची ही मूळ प्रत.

ज्यूरीनं 67 मिनिटांत दोघांना निर्दोष सोडलं. मधे थंड पेयासाठी थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता, असं एका ज्यूररनं नंतर सांगितलं. काही महिन्यांनी, जानेवारी 1956 मध्ये, 'लुक' मासिकात दोघांची कबुली छापून आली. त्यासाठी त्यांना पैसे मिळाले होते. एकदा सुटल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणजे गुन्हेगार कोण, हे देशभर विकल्या जाणाऱ्या मासिकात त्यांच्याच तोंडून छापलं गेलं होतं. यात पुरलेलं काय होतं?

पुरलेलं होतं ते मतदारयादीत. ज्यूरीची नावं मतदारयादीतून निघत. टॅलाहाची काउंटीत काळ्यांची वस्ती निम्म्याहून जास्त, पण यादीत काळा मतदार एकही नाही. मतदानासाठी पट्टी भरायची, शिवाय राज्यघटनेतलं एखादं कलम वाचून त्याचा अर्थ सांगायचा, आणि तो बरोबर की चूक हे ठरवणार कारकून. त्यातूनही कोणी नाव घालायला गेलाच, तर त्याला कामावरून काढायचं, कर्ज थांबवायचं किंवा सरळ गोळी घालायची. बायकांना तर मिसिसिपीत 1968 पर्यंत ज्यूरीत बसायलाच बंदी होती. उरले कोण, तर गोरे पुरुष. त्या 67 मिनिटांचा निकाल कारकुनाच्या टेबलावर कित्येक वर्षं आधी लागलेला होता. पण मतदारनोंदणीच्या टेबलावर कॅमेरा रोखून बसलेला संथ रहस्यपट माझ्या पाहण्यात नाही.

याच प्रकरणाची एक पुरवणी आहे. 2022 च्या जूनमध्ये लेफ्लोर काउंटीच्या कोर्टाच्या तळघरात एका खोक्यात जुना कागद सापडला: त्या दुकानदारणीच्या नावानं 29 ऑगस्ट 1955 रोजी निघालेलं आणि कधीच न बजावलेलं अटकेचं वॉरंट. शोधणाऱ्यांत टिलच्या घरचीही माणसं होती. जगभर बातमी झाली, ती अर्थातच 'दडलेला कागद सापडला' अशी. वास्तविक 1955 मध्येच वर्तमानपत्रांत या वॉरंटचा उल्लेख आला होता. बाईला दोन लहान मुलं आहेत, तिला कशाला त्रास द्यायचा, असं शेरीफनं वार्ताहरांना सांगितलंही होतं. 2022 च्या ऑगस्टमध्ये, खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्यूरीनं तिच्यावर आरोप ठेवायला नकार दिला. पुढच्या वर्षी ती वारली.

आता सिनेमाकडे वळू. 'इन द हीट ऑफ द नाइट' हा 1967 चा सिनेमा या सगळ्या घराण्याचा मूळपुरुष मानायला हरकत नाही. मिसिसिपीतल्या स्पार्टा नावाच्या गावात शिकागोहून कारखाना काढायला आलेल्या उद्योगपतीचा खून होतो. स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेला परगावचा काळा माणूस पोलिस पकडून आणतात आणि तो निघतो फिलाडेल्फिया शहराचा खून-तपास अधिकारी. हा अधिकारी झालेला सिडनी पॉइटिए आणि गावचा पोलिसप्रमुख झालेला रॉड स्टायगर यांची जुगलबंदी आजही बघावी. कापसाचा मोठा जमीनदार एंडिकॉट पॉइटिएच्या थोबाडीत मारतो आणि पॉइटिए त्याच क्षणी त्याला परत थोबाडीत मारतो, हा प्रसंग 1967 सालच्या पडद्यावर म्हणजे बॉम्बच होता. खऱ्या मिसिसिपीत चित्रीकरण करणं पॉइटिएला धोक्याचं वाटत होतं, म्हणून बरंचसं काम इलिनॉयमधल्या स्पार्टात झालं. पुढल्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाल्यामुळे ऑस्कर सोहळा दोन दिवस पुढे ढकलावा लागला. त्याच सोहळ्यात हा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. स्टायगरला अभिनयाचं पारितोषिक मिळालं. पॉइटिएला साधं नामांकनसुद्धा नव्हतं.

हे सगळं खरं, पण खुनी कोण निघतो? कारखाना येऊ नये असं ज्याला वाटत होतं, गाव ज्याच्या मुठीत होतं, तो एंडिकॉट निघत नाही. पोलिस निघत नाहीत. साखळ्या आणि लोखंडी दांडके घेऊन पॉइटिएच्या मागे लागलेलं टोळकंही निघत नाही. खुनी निघतो रात्रीच्या खाणावळीत गल्ल्यामागे उभा राहणारा एक फाटका पोऱ्या. त्याला काही डॉलर हवे होते. गाडी सुटते, पोलिसप्रमुख बॅग उचलून देतो, दोघे हसतात. एंडिकॉटच्या हरितगृहातली ऑर्किड जिथल्या तिथे. सिनेमानं गावाचं सगळं सडकं अंग दोन तास दाखवलं आणि शेवटी पावती फाडली ती एका गरीब पोराच्या नावानं.

यात लेखक-दिग्दर्शकांचा दुष्टावा नाही. रहस्यकथेचा साचाच तसा आहे. त्याला एक गुन्हेगार लागतो, तोही शेवटपर्यंत अनपेक्षित. एक जण दोषी ठरला की बाकीचे झाडून सगळे निर्दोष होतात. ऑडन या इंग्रज कवीनं 1948 मध्येच लिहून ठेवलं होतं, की समाजाला त्याचं निरागसपण परत मिळवून देणं हे गुप्तहेरकथेचं कामच आहे. इंग्लंडातल्या एखाद्या पाद्र्याच्या बंगल्यात ते शोभतं. 1955 च्या मिसिसिपीत निरागसपण होतंच कुठे, म्हणजे परत मिळवायचं? दोन-चार माणसांनी गुन्हा करायचा आणि शे-दोनशे जणांनी तो सांभाळायचा, हे ज्या कथेत घडतं तिला 'एकच खुनी' हा साचा लावला की शे-दोनशे जण सुटतात. शिवाय तो एक बहुधा गरीब गोरा असतो: दारुडा, अडाणी, मळक्या बनियनचा. बँकवाला, वकील, जमीनदार, संपादक हे सुसंस्कृत लोक नुसते खिन्न चेहऱ्यानं व्हरांड्यात बसलेले. वास्तवात काळ्या-गोऱ्यांची फारकत टिकवायला 1954 पासून दक्षिणेत गावोगाव निघालेल्या 'सिटिझन्स कौन्सिल'मध्ये हेच प्रतिष्ठित लोक होते. कू क्लक्स क्लान या हिंसक गोऱ्या संघटनेसारखा बुरखा त्यांना घालावा लागत नव्हता. कर्ज नाकारणं आणि नोकरीवरून काढणं एवढ्यावर त्यांचं भागत असे.

आता संथपणाबद्दल. या सिनेमांत हल्ली हवेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची पद्धत पडली आहे. उकाडा, दलदल, मगरी, गंजलेले ट्रेलर, सगळं इतकं सुंदर आणि इतकं कुंद टिपलेलं, की या मातीतच काहीतरी आहे असं वाटायला लागावं. मातीत काही नसतं हो. तेवढाच उकाडा, तेवढेच रातकिडे वाट्याला आलेले काळे शेतकरी काय करत होते? साक्ष देत होते. मोझ राइट यांनी साक्ष दिली आणि उभं कापसाचं पीक सोडून त्यांना मिसिसिपी सोडावी लागली. विली रीडलाही शिकागोला पळावं लागलं. ब्रायंटचं दुकान काळ्या गिऱ्हाइकांवर चालत होतं. त्यांनी पाठ फिरवली आणि ते बंद पडलं. सिनेमातले काळे म्हातारे मात्र सगळं माहीत असून भीतीनं गप्प, डोळ्यांत पाणी, बाहेरच्या अधिकाऱ्यानं खांद्यावर हात ठेवला की मग हळूच बोलणार. जे बोलले, त्यांना पडद्यावर मुकं केलं. मला हा या चित्रप्रकाराचा सगळ्यांत मोठा अन्याय वाटतो.

पण संथपणा कामाला लावता येतो, हे जॉन सेल्सच्या 'लोन स्टार'नं 1996 मध्ये दाखवलंय. (पाहिला नसेल तर हा परिच्छेद ओलांडून पुढे जा, शेवट फुटणार आहे.) गोष्ट टेक्सासच्या सरहद्दीवरच्या गावातली. लष्कराच्या ओसाड गोळीबार-मैदानात हाडं आणि शेरीफचा बिल्ला सापडतो. चाळीस वर्षांपूर्वी नाहीसा झालेला चार्ली वेड हा लाचखाऊ, खुनशी शेरीफ. त्याच्यानंतर शेरीफ झालेला बडी डीड्स गावाचा देवमाणूस. आणि आता तपास करणारा शेरीफ म्हणजे बडीचाच मुलगा. एका प्रसंगात म्हातारा महापौर हॉटेलात जुनी हकिकत सांगत असतो. कॅमेरा त्याच्यावरून खाली टेबलावरच्या टॉर्टियाच्या टोपलीवर येतो, वर जातो तर समोर 1957 सालातला चार्ली वेड बसलेला. दृश्य कुठे तुटत नाही. टोपलीत टॉर्टियांखाली हप्त्याचे पैसे आहेत. काळ बदलला, टेबल तेच. त्या टेबलाभोवतीच्या सगळ्यांना टोपलीखाली काय आहे ते माहीत होतं आणि टोपली रोज फिरत होती, हे सेल्सनं एका वाक्याशिवाय सांगितलं. इथे संथपणाचा उपयोग वातावरणनिर्मितीसाठी नाही. कोणाला काय मिळत होतं आणि म्हणून कोण गप्प होतं, याचा हिशेब मांडायला तो वापरलाय. खुनी निघतो तोच महापौर, त्या वेळचा तरुण डेप्युटी, आणि त्यानं गोळी झाडली ती वेड एका काळ्या पोराला मारणार एवढ्यात. मुलगा हे कळल्यावर गप्प राहायचं ठरवतो. मला तो शेवट पटतो, कारण तोवर आपल्याला गावाचा पूर्ण जमाखर्च दिसलेला असतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दमदार आहे. सिनेमानं इतकं सगळं करायचं का? लोक दोन तास करमणुकीला येतात. आणि अर्धवट का होईना, निदान विषय लोकांपुढे येतो ना? याच्या बाजूनं खरोखर एक मोठा पुरावा आहे. 1988 चा 'मिसिसिपी बर्निंग' हा माझ्या मते खोटा सिनेमा. 1964 मध्ये नेशोबा काउंटीत चेनी, गुडमन आणि श्वर्नर या तीन तरुण कार्यकर्त्यांना क्लानच्या टोळीनं मारून मातीच्या बंधाऱ्यात पुरलं. 44 दिवसांनी प्रेतं मिळाली. डेप्युटी शेरीफनंच त्यांना भरधाव गाडीच्या निमित्तानं पकडलं होतं आणि रात्री सोडून मारेकऱ्यांच्या हाती दिलं होतं. या घटनेवर बेतलेल्या सिनेमात नायक मात्र एफबीआयचे दोन गोरे अधिकारी, आणि काळी माणसं मागच्या पडद्यासारखी. पण 1989 च्या जानेवारीत मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या 'क्लॅरियन-लेजर' या वर्तमानपत्राचा तरुण वार्ताहर जेरी मिचेल याच सिनेमाच्या खेळाला गेला. सोबत प्रत्यक्ष तपासात असलेले एफबीआयचे निवृत्त अधिकारी होते. या खुनाबद्दल राज्यानं कोणावर खटलाच भरला नव्हता, हे त्याला तिथे कळलं आणि तो कामाला लागला.

त्यानं काय काय उकरलं, तेच खरं म्हणजे सिनेमाला पुरेल. मिसिसिपी सरकारनं 1956 मध्ये करदात्यांच्या पैशांवर एक कमिशन काढलं होतं. समतेच्या चळवळीवर पाळत ठेवणं हे त्याचं काम. 1977 मध्ये त्याची कागदपत्रं पन्नास वर्षांसाठी सीलबंद झाली. मिचेलनं आतल्या माणसांकडून कागद मिळवले. 1963 मध्ये मेडगर एव्हर्स या काळ्या नेत्याला घराच्या दारात गोळी घालणाऱ्या बायरन डी ला बेकविथवर सरकार एका हातानं खटला चालवत होतं आणि त्याच सरकारचं हे कमिशन दुसऱ्या हातानं बचाव पक्षाला ज्यूररांची माहिती पुरवत होतं, हे त्यातून बाहेर आलं. बेकविथचा ठसा बंदुकीच्या दुर्बिणीवर मिळाला होता. 1964 चे दोन्ही खटले ज्यूरीत फूट पडून फुकट गेले. एका सुनावणीत माजी गव्हर्नर कोर्टात येऊन त्याच्याशी हस्तांदोलन करून गेला. 1967 मध्ये हा गृहस्थ लेफ्टनंट गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी उभासुद्धा राहिला! 1994 मध्ये अखेर तो दोषी ठरला. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या 1963 च्या स्फोटात चार मुली मेल्या. त्यातला एक आरोपी बॉबी फ्रँक चेरी मिचेलला म्हणाला, आदल्या रात्री मी घरी टीव्हीवर कुस्त्या बघत होतो. मिचेलनं त्या तारखेच्या जुन्या वर्तमानपत्रातलं टीव्हीचं वेळापत्रक काढायला लावलं. त्या रात्री कुस्ती नव्हतीच. चेरीला 2002 मध्ये जन्मठेप झाली. 36 वर्षं ते वेळापत्रक कोणत्याही वाचनालयात कोणालाही बघता आलं असतं.

तेव्हा खोट्या सिनेमानंही भलं होऊ शकतं, हे मान्य. पण मिचेलनं केलं काय, तर थिएटरातून बाहेर पडल्यावर सिनेमानं न विचारलेला प्रश्न विचारला. सगळे प्रेक्षक वार्ताहर नसतात. बहुतेकांच्या डोक्यात राहतं ते एवढंच, की तिकडे पूर्वी काही वाईट माणसं होती, एफबीआयनं त्यांना धरलं. प्रत्यक्षात 1967 च्या संघराज्य सरकारच्या खटल्यात 18 पैकी सात जणांना शिक्षा झाली आणि कोणीही सहा वर्षांहून जास्त आत राहिला नाही. सूत्रधार एडगर रे किलन सुटला, कारण पाद्र्याला दोषी ठरवायला एका ज्यूररचं मन होईना. तो चाळीस वर्षं त्याच काउंटीत राहिला. 21 जून 2005 रोजी, बरोबर 41 वर्षांनी, सदोष मनुष्यवधासाठी तो दोषी ठरला. तेव्हा तो चाकाच्या खुर्चीत, नाकात ऑक्सिजनची नळी, असा बसला होता.

याच नेशोबा काउंटीतल्या गावात फ्लॉरेन्स मार्स नावाची एक गोरी बाई होती, तिथेच जन्मलेली, गुरांच्या बाजाराची मालकीण. ती ग्रँड ज्यूरीपुढे जाऊन बोलली. क्लाननं तिच्या बाजारावर बहिष्कार घातला आणि तिला तो विकावा लागला. नंतर तिनं सगळं पुस्तकात लिहून काढलं. बोलायला बाहेरचाच माणूस लागतो, या सिनेमाच्या लाडक्या समजुतीला गावातल्याच या बाईनं छेद दिलेला आहे. गप्प बसण्यात फायदा होता आणि बोलण्याची किंमत मोजावी लागत होती. त्या किमतीचा तपशील, म्हणजे कोणत्या शनिवारी किती गुरं आली नाहीत, हा मला कोणत्याही दलदलीपेक्षा थरारक वाटतो.

मराठी वाचकाला यातलं फार काही परकं वाटणार नाही. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तिनं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, ते उगाच नव्हे. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात 2014 मध्ये दलित विद्यार्थ्याचा दिवसाढवळ्या खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि 2017 मध्ये सगळे आरोपी सुटले. 'साक्षीदार फितूर' हे शब्द आपण बातमीत इतक्या वेळा वाचतो, की पुढच्या बातमीवर नजर लगेच सरकते. पण फितूर होण्याआधी त्या माणसाच्या घरी कोण आलं, सोसायटीचं कर्ज कोणाच्या सहीनं मिळणार होतं, शेताला पाणी कोणाच्या विहिरीवरून येत होतं, हे कोणी दाखवत नाही. अळीमिळी गुपचिळी फुकट चालत नाही.

दुसरा आक्षेप खटल्यांबद्दलचा आहे आणि तो वेगळ्या लोकांकडून येतो: ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांना तुरुंगात टाकून काय मिळवलंत? शिक्षा म्हणून फारसं नाही, हे खरंच. टिलच्या नावानं 2008 मध्ये कायदा झाला, न्याय खात्यानं जुनी शंभराहून जास्त प्रकरणं तपासली, आणि हाती लागलेले खटले बोटांवर मोजण्याइतके. अलाबामात 1965 मध्ये जिमी ली जॅक्सनला गोळी घालणाऱ्या राज्य पोलिसानं 2010 मध्ये गुन्हा कबूल केला, शिक्षा सहा महिने. पण प्रत्येक खटल्यात कागद बाहेर आले, आणि त्या कागदांत आरोपीखेरीज इतर नावं होती. म्हणूनच मला 'एकट्या म्हाताऱ्याला धरलं, प्रकरण मिटलं' हा शेवट खटल्यातही नको आणि पडद्यावरही नको. टॅलाहाची नदीकाठी टिलच्या नावाची पाटी 2008 मध्ये लावली. ती चोरीला गेली, पुढच्या पाट्यांची गोळ्यांनी चाळण झाली, आणि 2019 मध्ये गोळी न भेदणारी पाटी बसवावी लागली. ज्यांनी गोळ्या झाडल्या ते 1955 मध्ये जन्मलेही नसतील.

कोणी खरंच असा सिनेमा काढायचं मनावर घेतलं, तर गोष्ट तयार आहे. नेशोबाच्या त्या तिघांचा शोध चालू असताना, जुलै 1964 मध्ये, मिसिसिपी नदीच्या जुन्या पात्रात दुसऱ्याच दोघांची प्रेतं निघाली. चार्ल्स मूर आणि हेन्री डी, दोघे 19 वर्षांचे, फ्रँकलिन काउंटीतले. 2 मे रोजी मेडव्हिलजवळ रस्त्यावर गाडीला हात दाखवत उभे असताना क्लाननं त्यांना उचललं, जंगलात नेऊन मारलं आणि जीपचं इंजिन आणि रुळाचे तुकडे बांधून जिवंतपणी पाण्यात सोडलं. ज्यांचा शोध चालू होता त्यांची ही प्रेतं नव्हेत, असं कळल्यावर बातमी विझली. नोव्हेंबरात दोघांना अटक झाली, जानेवारीत स्थानिक सरकारी वकिलानं आरोप मागे घेतले. त्यातला जेम्स फोर्ड सील पुढे वारला, असं छापूनही आलं.

2005 मध्ये चार्ल्सचा भाऊ थॉमस मूर, सैन्यातून निवृत्त झालेला, एका कॅनेडियन माहितीपटकाराबरोबर गावी गेला. तिथे एका स्थानिक माणसानं सहज सांगितलं: सील? तो काय, इथे पुढेच राहतो. ज्याला वर्तमानपत्रांनी मारून टाकलं होतं, तो शेजाऱ्यांच्या लेखी रोज जिवंत होता. 2007 मध्ये त्याला तीन जन्मठेपा झाल्या.

सिनेमा बहुधा इथे संपवतील, सीलच्या हातात बेड्या पडताना. मी तिथून सुरू करायला सांगेन. कारण पुढच्या वर्षी मूर आणि डी यांच्या घरच्यांनी दिवाणी दावा लावला तो सीलवर नाही, फ्रँकलिन काउंटीवर: तुमच्या शेरीफला आणि डेप्युटीला माहीत होतं, ते मारेकऱ्यांना सामील होते, आणि नंतर त्यांनी ते झाकलं. 2010 मध्ये काउंटीनं तडजोड करून पैसे दिले. ते गेले काउंटीच्या तिजोरीतून, म्हणजे सरळ गावाच्या खिशातून.